सात दरवाज्यांचा हमाल

दत्ताराम आमच्या पोस्टात टपालाची पिशवी वाहायचा. पोस्ट म्हणजे मसुऱ्याच्या अलीकडच्या एका गावातलं भाड्याचं घर. पुढच्या पडवीत काउंटर, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. माझे यजमान तिथे सात वर्षं पोस्टमास्तर होते. सकाळी साडेनवाच्या एसटीतून पिशवी उतरवून घ्यायची, तिठ्यापासून दीड मैल चालत आणायची, टपाल फोडून झालं की तीन वाड्यांत वाटायचं आणि दुपारी अडीचच्या गाडीला जाणारी पिशवी परत तिठ्यावर पोचवायची, हे दत्तारामाचं काम. वय तेव्हा पस्तिशीचं. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला. बापाचाही तसाच होता म्हणे. त्याच्याकडूनच हे काम त्याच्याकडे आलं.

आमच्या गावात धोंडू परब तीन होते. तिघांची पत्रं एकमेकांकडे जायची आणि तिघांची मिळून भांडणं आमच्या पडवीत यायची. दत्तारामाने एकदा पार्सलाच्या खाकी कागदाच्या मागे पेन्सिलीने गावाचा नकाशा काढून आणला. पाण्याचा व्हाळ, त्यावरचा साकव, काजीच्या बागा, कुठल्या घराला मागून वाट आहे, कुठल्या घरचा कुत्रा सोडलेला असतो, सगळं. तीन धोंडूंची घरं त्याने तीन तऱ्हेच्या कौलांनी दाखवली होती. तो रजेवर असला की यजमान तो नकाशा घेऊन स्वतः टपाल वाटत, आणि एकदाही चुकले नाहीत.

"हे कुठे शिकलात हो?" मी विचारलं.

"शिकूचा काय त्यात, वैनीनू? पायांका ठावक आसा, ताच हातान काढलंय," तो म्हणाला.

त्याची बायको शेवंती आमच्याकडे चुलीसाठी शेणी घेऊन यायची. तिच्याकडून मला खरी गोष्ट कळली. दत्ताराम अकरावी झाला तेव्हा शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी त्याला भूमापन खात्यात नकाशे गिरवायच्या कामाला लावून द्यायचं ठरवलं होतं. चिठ्ठी तयार होती. पण त्यांच्या घरात देवाला विचारल्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत. देवळात जाऊन कौल लावला. म्हणजे गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बघतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दत्तारामाची डावी पडली. मास्तरांनी चिठ्ठी फाडली नाही, पण ती कुणी मागायलाही गेलं नाही.

त्याचा थोरला भाऊ लवू मात्र न विचारताच लाँचीवर कामाला गेला होता. वर्षाच्या आत परत आला, तो डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात ठेवून. त्यामुळे त्या घरात पुढे वाद असा उरलाच नाही.

तेच ड्रॉइंग मास्तर निवृत्त होताना आपल्याकडे येणारं 'कोडेघर' नावाचं पुण्याचं मासिक दत्तारामाच्या नावावर करून गेले. त्या मासिकात शब्दकोडी होती, आकडेमोड होती, आणि शेवटच्या आठ पानांत 'सातदरवाजे' नावाचा खेळ होता. तो मला समजायला एक पावसाळा लागला, म्हणून सांगते. एक कल्पित राज्य. त्यात सात दरवाजे, शापित किल्ला, बोलणारी नदी, राक्षस. दर महिन्याला गोष्टीचा एक तुकडा छापून यायचा. खेळणाऱ्याने कार्डावर लिहून कळवायचं की माझं पात्र आता काय करील. पुण्यात बसलेला सूत्रधार त्यावर उत्तर धाडायचा. खेळणारे सगळ्या महाराष्ट्रात पसरलेले. चार-पाच जणांचा एक तांडा करून ते एकमेकांनाही पत्रं लिहीत.

पण पात्र कोण, हे आपल्या हातात नव्हतं. वाचक क्रमांकाचा शेवटचा आकडा बघायचा. एक असेल तर योद्धा, दोन मांत्रिक, मग वैद्य, नावाडी, चोर, भाट. सात असेल तर हमाल.

दत्तारामाचा क्रमांक चारशे सतरा.

"माका थंयसर पण पिशवीच," त्याने काउंटरवर अंक ठेवत हसून सांगितलं. यजमानही हसले. हमालाला दुप्पट ओझं उचलता येई. दार उघडता येत नसे, राजाशी बोलता येत नसे, वाट कोणती घ्यायची ते सांगता येत नसे.

शेवंतीला मी हे समजावून सांगितलं तर ती शेणी रचता रचता थांबली. "म्हणजे खेळात सुद्धा जल्माक येतानाच ठरवतंत? मगे खेळ कसलो तो?"

तरी तो चार वर्षं खेळला. सोलापूरच्या मांत्रिकाची झोळी, नागपूरच्या योद्ध्याच्या तीन तलवारी, जळगावच्या वैद्याचा खल, असं सगळं त्याने वाहिलं. ती माणसं त्याला कार्डं लिहीत: 'प्रिय हमाल, माझे चिलखतही घ्यावे.' तो एकालाही नाही म्हणाला नाही. ही कार्डं मी वाचत असे. उघडीच येत, आणि तोही दाखवी.

त्या सगळ्या कार्डांवरून एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, ती कुणाच्याच आली नसावी. सोलापूरकर डाव्या दरवाजाने गेला होता, नागपूरकर उजव्या. पुढच्या महिन्यात दोघेही त्याच नदीच्या काठी होते.

"डावो घेतलो काय, उजवो घेतलो काय, न्हंय तीच," दत्ताराम म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पण त्यानंतर तो अंक लगेच उघडायचा नाही. वाटप झाल्यावर, जेवण झाल्यावर, सवडीने उघडायचा.

पंचाऐंशीच्या दिवाळी अंकात घोषणा आली. 'नवे सातदरवाजे' येणार. सर्व काही नव्याने. वाचकांनी आपल्या अपेक्षा कळवाव्यात.

दत्तारामाला असा मी कधी पाहिला नव्हता. टपाल वाटून आला की पडवीच्या पायरीवर बसायचा आणि जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहायचा. कधी तिथूनच मला हाक मारायचा. "वैनीनू, चोराक वैद्य होवक गावला तर? जखम करूक येता तेका जखम बांधूक पण येयत." मी पीठ मळता मळता म्हणायची, "लिहा." पेशा आकड्यावरून न देता ज्याचा त्याला निवडू द्यावा, हे तर होतंच. एकाला दोन पेशे का असू नयेत, हे होतं. डावा दरवाजा घेतला तर डावीकडे खरंच काही वेगळं असावं, हे त्याने दोनदा लिहिलं होतं. आणि शेवटी एक नवा पेशा सुचवला होता. नकाशाकार. जो पुढे जाऊन वाट बघून येतो, कागदावर काढतो आणि ज्याचं तांड्याने ऐकायचं असतं.

चार पानं झाली. ती शुद्ध करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, मी बी. ए. होते ना. एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं, 'हमालाक मधीच वाटला, तर तेका पिशवी खाली ठेवूक गावाक व्हयी.' मी केलं, 'पात्रास खेळाच्या ओघात पेशा बदलण्याची मुभा असावी.' त्याने ते माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं आणि स्वच्छ अक्षरात उतरवलं. माझं वाक्य बरोबर होतं. आठवतं ते त्याचं.

चैत्रात फॉर्म आला. दत्तारामाने मला हाक न मारता तो नुसता खिडकीतून आत सरकवला. बारा पेशे होते. अकरावा होता नकाशाकार. शेजारी एक मोकळा रकाना, 'तुमची निवड'. खाली बारीक टायपात सूचना: फॉर्म एकतीस मेपर्यंत पोचावा, निवडीचा रकाना कोरा असल्यास जुन्या खेळातला पेशा कायम राहील.

"लिहा की मग," मी म्हटलं.

"लिवतंय." नाव लिहिलं, पत्ता लिहिला, क्रमांक लिहिला. रकान्याशी येऊन पेन थांबलं. "कौल घेतंय आणि लिवतंय."

मला वाटलं थट्टा करतोय. "अहो, खेळ आहे तो."

"तसो खेळच, वैनीनू. पण नकाशांचा काम एकदा देवान नाय म्हटल्यान हा. तेका न सांगता परत तेच वाटेक कसो जावू?"

फॉर्म त्याने आमच्याकडेच ठेवायला दिला, मीटरच्या मागच्या फळीवर. घरी वाळवी आहे म्हणाला. खरं कारण त्याची आई, मथुराबाई. एवढा मोठा माणूस मासिकातल्या खेळासाठी देवाला तोंड दाखवणार, हे तिला कळू नये.

आणि नेमकं त्या वर्षी देऊळ बंद होतं. शिमग्यात मानकऱ्यांचं बिनसलं होतं. गाऱ्हाण्याच्या वेळी उजव्या हाताला कुणी उभं राहायचं यावरून दोन घराणी एकमेकांचं तोंड बघत नव्हती. गुरवाने गाभाऱ्याला कडी लावली ती लावली. चैत्र गेला, वैशाख लागला. दत्ताराम पिशवी घेऊन जाता-येता देवळाकडे बघायचा, आणि मी फळीवरच्या फॉर्मावरची धूळ झटकायची.

मेच्या शेवटच्या सोमवारी, सव्वीस तारखेला, देऊळ उघडलं. पुण्याला टपाल पोचायला तीन दिवस लागत. म्हणजे बुधवारच्या अडीचच्या पिशवीत फॉर्म जायला हवा होता. देऊळ उघडलं तशी सारी गर्दी लोटली. दोन महिन्यांचे प्रश्न तुंबलेले. लग्नं, विहिरी, वाटण्या, हरवलेली म्हैस. त्यात सुट्टीला आलेले मुंबईकर. सोमवारी दत्ताराम टपाल वाटून तिथे जाऊन बसला आणि नंबर न लागता उठून आला. मंगळवारीही तेच. शेवंती म्हणाली, नंबर लागत होता, पण ते येईल त्याला पुढे करत होते. 'तुझा लग्नाचा आसा, तू हो फुडे. तुझी म्हस आसा, तू हो.'

बुधवारी मी शेवंतीबरोबर गेले. सभामंडपात पुरुष एका बाजूला, आम्ही खांबांपाशी. मथुराबाई माझ्या शेजारीच दुखऱ्या गुडघ्याचा पाय पसरून बसल्या होत्या. पलीकडे दत्ताराम, मांडी घालून, पिशवीशिवाय कसासाच दिसत होता. त्याच्या मागे लवू.

कौलाचं एक आहे, तिथे मनातल्या मनात काही विचारता येत नाही. गुरव शंकर प्रश्न मोठ्याने विचारतो, गाऱ्हाण्यात नावासकट घालतो आणि सगळी मंडळी 'होय महाराजा' म्हणते. सबंध गाव साक्षीला असतो. हे मला ठाऊक होतं, पण दत्तारामाला तीन दिवस कशाने खिळवून ठेवलंय ते मला तिथे उभी राहिल्यावर समजलं.

"दत्तारामा," मुंबईकरांपैकी कुणीतरी म्हणालं, "तुझा साधा टपाल काय रजिस्टर? रजिस्टर आसात तर फुडे ये रे."

"तेचा पोस्टात पडून आसतला," दुसरा म्हणाला. हशा झाला. दत्तारामही हसला.

एक वाजून गेला होता. शंकर गुरवाने हात पुसले. "बोल दत्तारामा. तीन दिस बसलंस. काय इचारूचा आसा?"

दत्ताराम उठला. पाषाणाकडे बघितलं. मग वळून लवूकडे, लवूच्या हाताकडे. मग खांबांकडे, आमच्याकडे. त्याने कधी काही विचारलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"आवशीचो गुडघो," तो मथुराबाईंकडे हात करून म्हणाला. "बरो जातलो काय?"

शंकरने गाऱ्हाणं घातलं. होय महाराजा, होय महाराजा. उजवी पाकळी इतक्या पटकन पडली की काहींनी ती पाहिलीच नाही.

मथुराबाईंनी हात जोडले. डोळे भरून आले होते. "बघलंस गो?" त्या मला म्हणाल्या. "माझ्या झिलाक सोताचा म्हणान काय नाय. तेका आवशीचाच दिसता."

शेवंती खाली बघत होती.

दीडच्या सुमाराला तो पोस्टात आला. मी फॉर्म काढून काउंटरवर ठेवला होता, वर पेन. यजमान आत पिशवीच्या तोंडाला लावायची लाख तापवत होते.

"लिहा, दत्ताराम. अकरा नंबर. देव काही या कारणाने रागावणार नाही."

"मी तेका इचारूकच नाय, वैनीनू. मगे होकार कसो धरू?"

"विचारलं नाही, तर नकार तरी कसा धरता?"

"लवून पण तसाच म्हटलेला," तो म्हणाला.

मग त्याने फॉर्मची घडी घातली. मी म्हटलं, "रकाना कोरा आहे." तो म्हणाला, "रवांदे." पाकिटात घालून, चिकटवून, त्याने ते स्वतःच पुण्याच्या गठ्ठ्यात ठेवलं. यजमानांनी पिशवी बांधली, सील मारलं. तो खांद्यावर टाकून गेला.

पेन माझ्या हातात होतं. न, का, शा, का, र. तो पाकीट घ्यायला वळला होता तेव्हा पाच अक्षरं लिहिता आली असती. मी हे संध्याकाळी यजमानांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्याचा फॉर्म, त्याचा रकाना. तू लिहिलं असतंस तर तोही कौलच झाला असता, फक्त तुझा." मला त्यांचा राग आला. अजून पूर्ण गेलेला नाही.

श्रावणात नवा खेळ सुरू झाला. यादीत चारशे सतरा नंबरापुढे 'हमाल'. आणि पहिल्या पानावर आभार: नकाशाकार हा पेशा सुचवल्याबद्दल, पुढे दत्तारामाचं पूर्ण नाव, जिल्हा सिंधुदुर्ग. यजमानांनी ते मोठ्याने वाचलं. दत्ताराम म्हणाला, "नाव बरा छापल्यानी हा." आणि धोंडू परबाचं मनीऑर्डरचं कूपन कुठे आहे ते विचारू लागला.

नवा खेळ खरोखर चांगला होता. डावीकडे गेलं तर डावीकडचंच लागायचं. लोक पेशे बदलत होते. जळगावचा वैद्य आता नावाडी होता आणि फार खुशीत पत्रं लिहायचा. दत्तारामाच्या तांड्याला नकाशाकार मिळाला तो सांगलीचा, बँकेतला कुणी गृहस्थ. त्याचं कार्ड आलं: 'प्रिय हमाल, माझे नकाशे आपल्याकडे सोपवत आहे. जपून न्यावे.' सोबत कार्डाच्या मागे नकाशाही काढला होता.

दत्तारामाने तो काउंटरवर उलटा-सुलटा करून पाहिला. "वैनीनू, ही न्हंय चढणीक जाता."

मी पाहिलं. मला काही कळलं नाही. त्याने बोट ठेवून दाखवलं. टेकडी इकडे, खाडी तिकडे. आणि नदीचा बाण टेकडीकडे. "हेच्यावरसून गेले तर शेळेत पडतले. रवणीत." म्हणजे दलदलीत.

"मग कळवा ना त्यांना."

"हमालाक वाट सांगूची मुभा नाय."

"खेळाबाहेर कळवा. साधं कार्ड लिहा, माणसाने माणसाला लिहितात तसं."

"तेचो नकाशो तेंनी काढलो हा," तो म्हणाला. "मी वावतंय." कार्ड त्याने पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, सांगलीकरांनी सांगितलं होतं तसं, जपून.

तांडा दलदलीत पडायला पाच महिने लागले. पाचही महिने तो दर अंक वाचायचा आणि मला सांगायचा, आता एवढं राहिलं, आता तेवढं.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत सूत्रधाराचं छापील कार्ड आलं. ते त्याने वाचलं आणि माझ्याकडे दिलं. तांडा कमरेपर्यंत बुडाला होता. हमालाने ओझे टाकल्यास तो एकटा बाहेर पडू शकेल. बाहेर पडणाऱ्यास कोणताही नवा पेशा घेता येईल. ओझे टाकता का? होय, नाही. नको ते खोडून परत धाडावे.

मी ते दोनदा वाचलं. "दत्ताराम, ही तुमचीच मागणी आहे. पिशवी खाली ठेवूक गावाक व्हयी. त्यांनी घेतली आहे ती." मी त्याचंच वाक्य त्याच्या बोलीत म्हटलं होतं, त्याला ते आठवलं की नाही, कळलं नाही.

काउंटरला दोरीने बांधलेलं पेन त्याने उचललं आणि उभ्या उभ्याच 'होय' खोडलं.

"अहो, थांबा. निदान कौल तरी." माझ्या तोंडून गेलं.

"हेका कौल कित्याक?" त्याला खरंच नवल वाटलं होतं. "लोकांचा सामान आसा."

कार्ड जाणाऱ्या टपालात पडलं. पुढच्या महिन्याच्या अंकात बुडालेल्यांची यादी बारीक टायपात होती. चारशे सतरा शेवटून दुसरा. तो अंक त्याच्याच पिशवीतून आला, त्यानेच फोडला, त्यानेच मला दाखवला. त्यानंतर मासिक बंद करा म्हणून त्याने पुण्याला लिहिलं. पुढच्या वर्षी आमची कुडाळला बदली झाली. खाकी नकाशा तिथेच काउंटरच्या वर राहिला.

शेवंती अधूनमधून कुडाळच्या बाजाराला येते, तेव्हा भेटते. दत्ताराम बरे आहेत. मथुराबाईंचा गुडघा बरा झालेला नाही. कौल उजवा होता, म्हणून त्या डॉक्टरकडे जात नाहीत, वाट बघतायत.